श्रावणाच्या अकरा दिवस आधी: एका मालगाडी चालकावरचे ऑनलाइन उपचार

ओळख पटू नये म्हणून नावं, वय, गाव आणि तारखा बदलल्या आहेत. सारख्याच इतर प्रकरणांतले काही तपशीलही यात मिसळले आहेत.

पार्श्वभूमी

भास्करराव, वय ४३, मालगाडीचे लोको पायलट. खानदेशातल्या एका रेल्वेच्या गावात दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहणारे. घरात पत्नी सुनंदाताई, बारावीतला मुलगा आणि आई. नोकरीत १८ वर्षं झालेली. कामाला ठरलेली वेळ नाही. लॉबीतून, म्हणजे चालकांना ड्यूटी देणाऱ्या कार्यालयातून, कॉल आला की दोन तासांत साइन-ऑन म्हणजे हजेरी, मग दूरच्या एखाद्या रनिंग रूममध्ये, चालकांच्या विश्रांतिगृहात, झोप, मग परतीची गाडी.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाडीखाली पहिल्यांदा माणूस आला. रात्र होती, चेहरा दिसला नाही. तोवर सणावारापुरतं असलेलं पिणं तेव्हापासून ड्यूटी संपल्यानंतरच्या रोजच्या क्वार्टरवर, म्हणजे १८० मिलीच्या बाटलीवर, आलं. दुसरी घटना पहिल्या मुलाखतीच्या १४ महिने आधीची. पहाट, कोळशाची भरलेली गाडी, वळण संपल्यावर रुळात उभी असलेली एक बाई. तिनं वर बघितलं. त्यांनी इमर्जन्सी ब्रेक टाकला, हॉर्न दाबला आणि गाडी थांबेपर्यंत दाबूनच धरला. खाली उतरून पाहायला इंजिनातला सहायक चालक गेला. मेमो दिला गेला आणि पुढं गाडी त्यांनीच शेवटपर्यंत नेली.

त्यानंतर झोप दोन-अडीच तासांवर आली. उजव्या हाताची मूठ आवळलेली असतानाच जाग यायची. कुकरची शिट्टी झाली की ते ताटावरून उठून जात, म्हणून सुनंदाताई वर्षभर डाळ-भात पातेल्यात शिजवत होत्या. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला आजार म्हणावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

एका रात्री दीड वाजता त्यांनी १४४१६ हा नंबर लावला. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. तिथून त्यांना नियमित उपचार घ्या असं सांगण्यात आलं. ऑनलाइन उपचार निवडण्यामागं त्यांची कारणं साधी होती. ठरलेल्या वेळेला दवाखान्यात पोहोचणं या नोकरीत जमत नाही. गाव लहान, मानसोपचारतज्ज्ञाच्या बाकावर कोण बसलंय हे संध्याकाळपर्यंत लॉबीत कळतं. आणि आपण होऊन रेल्वेच्या दवाखान्यात गेलो तर फाइलला नोंद होईल, गाडी हातातून जाईल, ही भीती.

अडचण

कागदावर तीन गोष्टी दिसत होत्या. आघाताची लक्षणं मोजणाऱ्या पीसीएल-५ या २० प्रश्नांच्या तक्त्यावर ८० पैकी ५२ गुण आले. ३१ ते ३३ च्या वर गेलं की आघातोत्तर तणावविकाराची सविस्तर तपासणी करायची असते. दारूसाठीच्या ऑडिट प्रश्नावलीवर ४० पैकी २४ आले. तिथं २० च्या पुढं अवलंबित्व गृहीत धरून चालावं लागतं. नैराश्याच्या पीएचक्यू-९ वर २७ पैकी १७ होते आणि शेवटच्या, मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर होतं ‘काही दिवस’. खोदून विचारल्यावर, मरण आलं तर सुटेन असं वाटतं, पण काही ठरवलेलं नाही, असं चित्र दिसलं.

खरी अडचण मात्र पंचांगात होती. मुलाखत आषाढाच्या शेवटच्या पंधरवड्यात झाली आणि श्रावण लागायला ११ दिवस होते. भास्करराव सहज म्हणाले, ‘श्रावणात मी घेत नाही, मॅडम. गटारी झाली की आपोआप बंद.’ घरच्यांना हे सुचिन्ह वाटत होतं. उपचार करणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र सगळ्या मुलाखतीत याहून धोक्याचं वाक्य नव्हतं.

दारूचं माप ‘एक-दीड क्वार्टर’ असंच सांगितलं जातं, पण हिशेब ग्रॅममध्ये करावा लागतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर सहा मापं. भास्करराव ड्यूटीच्या दिवशी २७० मिली, सुट्टीच्या दिवशी ३६० मिलीपर्यंत घेत. म्हणजे आता रोज ९ ते १२ मापं, आणि रोजचं पिणं चार वर्षांचं. इतकी दारू एका दिवसात बंद केली की शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, भास असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यांत असे रुग्ण येतात. घरचे सांगतात, ‘उपासानं चक्कर आली.’

दुसरा हिशेब नोकरीचा. गाड्या चालवण्याशी थेट संबंध असलेल्या कर्मचाऱ्यानं ड्यूटीच्या आधी आठ तास दारू, गुंगीचं औषध किंवा उत्तेजक घ्यायचं नाही, असं रेल्वेच्या सामान्य नियमांत आहे. भास्करराव आठ तास काटेकोर मोजत आणि त्यामुळं आपण नियमात आहोत असं मानत. पण शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल संपवतं. २७० मिलीतले ९० ग्रॅम संपायला ९ ते १३ तास लागतात. आठ तासांनी साइन-ऑन करणारा माणूस प्यायलेला वाटत नाही, पण दारू अंगात असू शकते. आणि पूर्ण उतरली तर नेमकी विड्रॉवलची, म्हणजे दारू तुटल्यावर येणारी, थरथर सुरू व्हायच्या वेळी तो इंजिनात बसलेला असतो.

पहिली मुलाखत: ७५ मिनिटं

ऑनलाइन कामात पहिली दहा मिनिटं व्यवस्थेत जातात आणि ती वाचवू नयेत. आज तुम्ही नेमके कुठं बसला आहात? घरी की रनिंग रूमवर? पूर्ण पत्ता, जवळचं रुग्णालय, दोन माणसांचे नंबर. कॉल तुटला तर तीन मिनिटं थांबायचं, मग थेरपिस्ट साध्या फोनवर लावणार. दोनदा उचलला नाही तर सुनंदाताईंना फोन जाणार. हे सगळं दर वेळी विचारायचं, कारण फिरतीच्या माणसाचा पत्ता दर वेळी बदलतो.

फोन डोळ्यांच्या उंचीवर, स्टीलच्या डब्याला टेकवून, चेहऱ्याबरोबर दोन्ही हात दिसतील इतक्या अंतरावर ठेवायला सांगितला. इअरफोन वायरचे. खोलीबाहेर दाराशी कूलर लावून ठेवला, म्हणजे आतलं बोलणं बाहेरच्या खोलीत जात नाही. उन्हाळा सरला तरी तो कूलर तिथंच राहिला आणि पुढं चार महिने त्यानं पडद्याचं काम केलं.

गुप्ततेची मर्यादा प्रश्न विचारण्याआधी सांगितली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतं, पण इतरांना होणारी इजा आणि सार्वजनिक सुरक्षितता हे अपवादही तिथंच आहेत. गाडी चालवणाऱ्या माणसाला हे आधी न सांगता त्याच्याकडून पिण्याचे तपशील काढून घेणं म्हणजे सापळा लावणं. भास्कररावांनी ऐकलं, जरा वेळ गप्प राहिले आणि मग बोलू लागले.

पहिला निर्णय: बावन्नाव्या मिनिटाचा कॉल

बावन्नाव्या मिनिटाला लॉबीचा फोन आला. रात्रीची गाडी होती. दुपारी जेवणाआधी एक क्वार्टर झालेली. ते म्हणाले, ‘आठ तास होतात मॅडम, बरोबर.’

थेरपिस्टसमोर तीन वाटा होत्या. गप्प बसून पुढच्या सत्रात बघणं, म्हणजे चाळीस-पन्नास डब्यांच्या गाडीशी जुगार. स्वतः रेल्वेला कळवणं कायद्यानं शक्य होतं, पण मग तो माणूस पुन्हा कुणाकडेही उपचाराला गेला नसता. तिसरी वाट म्हणजे त्यांनीच आजारी असल्याचं कळवावं. वरचा ग्रॅमचा हिशेब तिथंच त्यांच्याकडून मांडून घेतला. लॉबीला फोन त्यांनी कॅमेऱ्यासमोर केला, ‘तब्येत ठीक नाही, सिक घेतोय’ इतकाच. त्यांनी तो केला नसता तर दुसरी वाट धरावी लागली असती आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलेलं होतं.

सिक घेतलं की गाडी चालवल्यावर मिळणारा किलोमीटर भत्ता बुडतो. रनिंग स्टाफच्या घरखर्चात त्याचा वाटा मोठा असतो. उपचारांची ही किंमत पहिल्याच दिवशी बोलून घेतली, नाहीतर महिन्याच्या शेवटी पगारपत्रक आलं की तीच गळतीचं कारण होते.

दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या डॉक्टरांसमोर उभं राहायचं होतं. काय बोलायचं ते लिहून ठेवलं: ‘अपघातानंतर झोप लागत नाही. दारू वाढली आहे. मला स्वतःहून उपचार घ्यायचे आहेत.’ ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये सापडल्यावर ही वाक्यं म्हणायला फार उशीर झालेला असतो.

जे पहिल्या दिवशी कळलं नाही

‘कधी फिट आली होती का?’ या प्रश्नाला भास्कररावांचं उत्तर होतं, नाही. थेरपिस्टनं ते मान्य करून पुढचा प्रश्न घेतला.

चार दिवसांनी सुनंदाताईंशी वेगळं बोलणं झालं, भास्कररावांच्या संमतीनं आणि ते घरात नसताना. त्यांना फिटबद्दल विचारलंच नव्हतं. मागच्या श्रावणात काय झालं, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पडले. दात खिळले, डोळे फिरले. जीभ चावली होती. डॉक्टर म्हणाले उपासाची चक्कर, सलाईन लावली.’

झटका आलेल्या माणसाला तो स्वतः आठवत नाही, आणि फिट म्हणजे मिरगी, ती आपल्याला नाही, असं तो प्रामाणिकपणे समजतो. एकदा विड्रॉवलचा झटका आलेला असेल तर पुढच्या वेळी तो येण्याचा धोका वाढतो. या एका माहितीनं पुढच्या सगळ्या पर्यायांचा क्रम बदलला.

सलाईनबद्दल थोडं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी असतं. आधी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलेलं थायमिनही वापरलं जातं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ ही आपल्याकडची सवय दारू सोडणाऱ्या माणसाच्या बाबतीत म्हणूनच महागात पडते.

पर्याय

घरीच, व्हिडिओवरून लक्ष ठेवत दारू सोडवणं हा भास्कररावांच्या पसंतीचा पर्याय होता. कुणाला कळलं नसतं. सौम्य अवलंबित्व, आधी झटका नाही, घरी जागं राहणारं माणूस आणि जवळ दवाखाना असेल तर याचा विचार होऊ शकतो. इथं झटका येऊन गेलेला, सकाळी हात थरथरत होते आणि रात्री जागायला एकट्या सुनंदाताई. शिवाय या काळात लागणारी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती व्हिडिओ तपासणीवर लिहून देता येत नाहीत. जिथं कुणी डॉक्टर ती फोनवर लिहून देतो, तिथं नियम तर मोडतोच, पण रुग्ण त्यावर दारूही घेतोय का हे पाहायला कुणी नसतं.

निवासी व्यसनमुक्ती केंद्र हा दुसरा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे आणि ज्याला घराच्या वातावरणापासून महिनाभर दूर राहायची गरज आहे त्याच्यासाठी असं केंद्र चांगलं. भास्कररावांना पिण्याची संगत नव्हती. एकटे प्यायचे, तेही झोपण्यासाठी. झोप का उडाली यावर काम झालं नसतं तर महिनाभरानं ते त्याच पलंगावर परतले असते.

तिसरा: सहा-सात दिवस सामान्य रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात भरती, दारूचं शरीरावरचं ओझं तिथं उतरवायचं आणि उरलेलं काम ऑनलाइन. हा ठरला. गटारीच्या चार दिवस आधी भरती झाली. तोपर्यंत दारू बंद करायची नाही, हे सांगणं घरच्यांना सगळ्यात जड गेलं. ‘डॉक्टरच प्या म्हणतात’ अशी सासूबाईंची तक्रार सुनंदाताईंनी दोनदा कळवली. रोजचं माप वाढवायचं नाही, सकाळचं टाळायचं नाही, वाहन चालवायचं नाही, एवढ्या सूचना कागदावर दिल्या.

काय केलं

रुग्णालयात सहा दिवस. थायमिनची इंजेक्शनं, दर काही तासांनी थरथर, घाम, मळमळ, बेचैनी यांची दहा बाबींच्या तक्त्यावर मोजणी आणि त्यानुसार उतरत जाणारी औषधं. दुसरी रात्र वाईट गेली, झटका आला नाही. मूत्रपिंडाच्या चाचण्या ठीक, यकृताचे आकडे थोडे वाढलेले, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांनी ओढ कमी करण्यासाठी नालट्रेक्सोनऐवजी अकॅम्प्रोसेट निवडलं: ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा. दिवसाला सहा गोळ्या विसरल्या जातातच. सकाळची पूजा, दुपारचं जेवण आणि रात्री दार लावणं, या तीन वेळांना त्या बांधून दिल्या.

याच आठवड्यात दुसरी गोष्ट बाहेर आली. सुनंदाताईंनी जाहिरात पाहून ‘न सांगता दारू सोडवा’ अशी एक पूड मागवली होती आणि दोन वेळा वरणात कालवली होती. पाकिटावर घटक लिहिलेले नव्हते. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. नकळत ते घेतलेल्या माणसानं वर दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, हृदयावर येतं. पाकीट डॉक्टरांना दाखवलं, पूड फेकून दिली. भास्कररावांना हे सांगायचं का, यावर बराच विचार झाला. सांगितलं, आणि ते सुनंदाताईंनीच, थेरपिस्ट पडद्यावर असताना. ते चिडले. दोन दिवस घरी जेवले नाहीत. पण पुढं कधी तरी ते मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडून कळलं असतं तर घरच्या जेवणावरचा आणि गोळ्यांवरचा विश्वास एकदमच गेला असता.

आघातावरचं काम कधी सुरू करायचं हा पुढचा निर्णय. जुनी रीत अशी की आधी सहा महिने कोरडं राहा, मग जुन्या जखमेला हात लावू. आता दोन्ही बरोबर चालवता येतं हे मान्य झालंय, आणि इथं तर पिण्याचं कारणच ती जखम होती. २२ कोरडे दिवस, झोप चार तासांवर, मरणाच्या विचारांसाठी लिहिलेली सुरक्षा योजना खिशात, आणि सुनंदाताईंचा फोन सत्राच्या वेळी चालू. एवढं जमल्यावर कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीची १२ सत्रं सुरू झाली, आठवड्याला एक. घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावणाऱ्या पद्धतीऐवजी ही निवडली, कारण भास्कररावांच्या त्रासात भीतीपेक्षा अपराधभाव मोठा होता. शिवाय ही पद्धत कागदांवर चालते. कागद ते कॅमेऱ्यासमोर धरून दाखवत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे नाहीत असं ठरलं होतं, तो फोन मुलाच्याही हातात असतो.

या पद्धतीत माणूस ज्या विचारापाशी अडकलाय तो एका वाक्यात लिहून काढायचा. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘मी आधी ब्रेक टाकला असता तर ती वाचली असती.’ चौथ्या सत्रात थेरपिस्टनं समजूत घातली नाही, गणित विचारलं. भास्कररावांनी नव्या सहायकांना हे कित्येकदा शिकवलेलं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. वळणानंतर ती दिसली ३०० मीटरवर, म्हणजे हातात १८ सेकंद. भरलेली गाडी थांबली ९०० मीटरवर. त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला ९०० मधून ३०० वजा केले आणि पेन ठेवलं. ‘दिसायच्या सहाशे मीटर आधी ब्रेक टाकायला पाहिजे होता,’ ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही.

सत्राच्या टिपणात ‘अपराधभावावर चांगलं काम’ अशी नोंद झाली. ती घाईची होती. सहाव्या सत्रात ते बोलत असताना त्यांचा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबलेला दिसला, नख पांढरं पडेपर्यंत. आता हात काय करतोय, असं विचारल्यावर ते खाली बघून म्हणाले, ‘हॉर्न.’ आणि मग पहिल्यांदा ते वाक्य आलं: ‘गाडी थांबली होती, तरी मी हॉर्न सोडला नाही. सोडला असता तर उतरावं लागलं असतं. त्या पोराला पाठवलं मी.’ सहायक तेव्हा २४ वर्षांचा होता. अडकलेला खरा विचार ब्रेकचा नव्हताच. कॅमेरा फक्त चेहऱ्यावर असता तर तो अंगठा दिसला नसता.

प्रत्येक सत्राची रचना ठरलेली होती. मधली ३५-४० मिनिटं अवघड काम, शेवटची दहा मिनिटं थंड व्हायला. मधेच नेट गेलं तर काय करायचं ते टेबलावर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं: दोन्ही पाय फरशीवर, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं, तोंडावर गार पाणी, मग फोनची वाट. १२ सत्रांत दोनदा वीज गेली. पुठ्ठा दोन्ही वेळा कामाला आला.

खंडेनवमी

सहाव्या सत्रानंतर आठवड्याच्या आतच खंडेनवमी आली. लॉबीत पूजा असते, इंजिनाला हार घालतात. बोलावणं आलं म्हणून भास्करराव गेले. पूजेनंतर कुणीतरी हौसेनं हॉर्न वाजवला. येताना ते क्वार्टर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशीच्या सत्रात कॅमेरा बंद. ‘नेट स्लो आहे, मॅडम.’ आवाज मात्र स्वच्छ येत होता, मग नेट फक्त चित्रापुरतं कसं स्लो? थेरपिस्टनं सरळ विचारलं. सुरुवातीलाच ठरलेला नियम होता: प्यायलेल्या किंवा प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी आघातावर काम नाही, पण सत्रही रद्द नाही. वीस मिनिटांत किती घेतली, शेवटची कधी, थरथर आहे का, मरणाचे विचार आले का, घरात बाटली उरली आहे का, एवढंच झालं. १८० मिली, एकदाच, बाकी काही नाही. मानसोपचारतज्ज्ञांना कळवलं, गोळ्या चालू राहिल्या. काम थांबवून पुन्हा ‘आधी महिनाभर कोरडे राहा’ म्हणावं का, यावर दोघा तज्ज्ञांत मतभेद होते. एक आठवडा थांबून सातवं सत्र घेतलं आणि विषय ठेवला तो हॉर्नचाच.

निकाल

बाराव्या सत्राला पीसीएल-५ वर २२ गुण होते, तीन महिन्यांनी २६. मध्ये, खंडेनवमीच्या आठवड्यात, ३८ वरून ४४ वर उडी होती. पीएचक्यू-९ सतरावरून सहावर आलं. ऑडिट पुन्हा भरून घेतलं नाही, कारण ते मागच्या पूर्ण वर्षाबद्दल विचारतं. त्याऐवजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर कोरड्या दिवसाला टिंब. सुरुवातीला ते सुनंदाताई देत होत्या, पहारा वाटायला लागला म्हणून पेन भास्कररावांकडे दिलं. जानेवारीत लागोपाठ दोन दिवस टिंब नाही. कुकर घरात पुन्हा लागतो. पहिली शिट्टी व्हायच्या आधी मुलगा ‘लावलाय’ असं ओरडून सांगतो.

गाडी मात्र परत मिळालेली नाही. वैद्यकीय निर्णय होईपर्यंत त्यांना लॉबीत बसवलं आहे, इतरांना कॉल देण्याच्या कामावर. पगारात भत्त्याची तूट आहे आणि ती घरात जाणवते. पुन्हा इंजिनात चढायचं की नाही, हे त्यांनी स्वतःही ठरवलेलं नाही. तो सहायक आता दुसऱ्या मुख्यालयात आहे. त्याला फोन करायचा असं अकराव्या सत्रात लिहिलं गेलं, अजून झालेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सुनंदाताईंशी बोलणं चार दिवस लांबलं, ते त्याच संध्याकाळी व्हायला हवं होतं. श्रावण ११ दिवसांवर होता म्हणून निभावलं. तीन दिवसांवर असता तर भास्कररावांनी आपल्या मनानं दारू बंद केली असती आणि थेरपिस्टच्या कागदावर ‘फिट: नाही’ असंच राहिलं असतं.

खंडेनवमी पंचांगात आधीपासून दिसत होती. जोखमीचे दिवस लिहिताना गटारी, दिवाळी, ३१ डिसेंबर घेतले गेले, कारण ते दारूचे दिवस. आघाताचे दिवस वेगळे असतात. पूजेला जायचंच असेल तर सहकाऱ्याला बरोबर घेऊन, दहा मिनिटांत, हॉर्नच्या आधी निघून येणं असा साधा बेत करता आला असता.

सहायकाचा विचार चौथ्या सत्राआधीच वर आला असता का, हे सांगता येत नाही. पण घटनेच्या वेळी बरोबर कोण होतं, आणि त्याचं पुढं काय झालं, हा प्रश्न पहिल्या मुलाखतीत नव्हता. दोन माणसांनी मिळून काम करायच्या नोकऱ्यांत तो असायला हवा: ॲम्ब्युलन्स, पोलीस व्हॅन, एसटी.

आणि अर्जातला तो प्रश्न. ‘कधी फिट आली होती का?’ खोडून तिथं आता असं लिहिलं आहे: ‘श्रावणात, आजारपणात, वारीत किंवा परगावी गेल्यामुळं दारू अचानक बंद झाली तेव्हा पहिल्या तीन दिवसांत घरच्यांनी काय पाहिलं?’ खाली कंसात सूचना: उत्तर घरच्यांकडून घ्यावं.